अलमेडा क्रीकचा स्टीलहेड: नव्या स्वयंसेवकांसाठी मोजणीपासून दुरुस्तीपर्यंत

प्लेझंटन, डब्लिन, लिव्हरमोर इथे पडलेला पाऊस शेवटी एकाच ओढ्यात येतो. तो म्हणजे अलमेडा क्रीक. सुनोलहून तो नाइल्सच्या खिंडीत शिरतो, फ्रिमाँटला मैदानात उतरतो आणि सुमारे १२ मैलांच्या बांधीव पूरकालव्यातून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला मिळतो. नाइल्सपाशी त्याचं पाणलोट क्षेत्र ६३३ चौरस मैल भरतं. बे एरियातली बरीच मराठी मंडळी या काठच्या पायवाटेवर शनिवारी सकाळी फिरायला किंवा सायकल चालवायला येतात. त्यांतल्या कुणाला पाण्यात उतरून इथल्या स्टीलहेड माशासाठी काही करावंसं वाटलं, तर सुरुवात कुठून करायची ते इथे सांगतो. ओढा दुसरा असला तरी क्रम हाच राहतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नव्या माणसाला झाडं लावायची घाई असते, पिल्लं सोडायची तर त्याहून जास्त. माझं मत उलटं आहे. पहिली एक-दोन वर्षं फक्त मोजा. किती मासे होते हे माहीत नसेल, तर तुमच्या कामाने ते वाढले की नुसता पाऊस चांगला झाला, हे कधीच कळणार नाही.

आधी मासा ओळखा

स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात आहे, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. जन्मभर गोड्या पाण्यात राहिला तो रेनबो ट्राउट. समुद्रात जाऊन मोठा होऊन परत आला तो स्टीलहेड. एकाच आईची काही पिल्लं समुद्राकडे जातात, काही ओढ्यातच राहतात. कोकणात पहिल्या पावसात शेतांकडे चढणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना इथला प्रकार ओळखीचा वाटेल. फक्त इथे चढण हिवाळ्यात असते, कारण कॅलिफोर्नियाचा पाऊस हिवाळ्यात पडतो.

वर्षाचा हिशोब साधारण असा: डिसेंबर ते एप्रिल मोठे मासे खाडीतून वर येतात आणि त्याच काळात अंडी घालतात. पाणी १० अंश सेल्सियसच्या आसपास असेल तर महिनाभरात अंडी फुटतात आणि आणखी काही आठवड्यांनी पिल्लं रेतीतून वर येतात. मग एक ते तीन वर्षं गोड्या पाण्यात काढायची. त्यानंतर एखाद्या वसंत ऋतूत अंगावरचे पट्टे जाऊन चंदेरी झालेली पिल्लं समुद्राकडे निघतात; त्यांना स्मोल्ट म्हणतात. समुद्रात बहुधा एक ते तीन वर्षं. पॅसिफिकचे सामन अंडी घालून मरतात, स्टीलहेड मात्र जगला तर परत समुद्रात जातो आणि पुन्हा वीण करायला येतो. म्हणून एप्रिलमध्ये थकलेला, खंगलेला मासा खाली जाताना दिसला तर तो आजारी आहे असं समजू नका.

गफलत कुठे होते? पूरकालव्यातल्या मोठ्या कार्प माशांना पाहून दरवर्षी कुणीतरी 'स्टीलहेड दिसला' म्हणतं. कार्पचे खवले मोठे, पाठीवरचा पर लांबलचक आणि चाल सुस्त. नोव्हेंबरात येतो तो बहुधा चिनूक सामन. त्याच्या हिरड्या काळ्या, स्टीलहेडच्या पांढऱ्या. शेपटी आणि पाठीचा पर यांच्या मध्ये एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवलेल्या स्टीलहेडचा तो कापलेला असतो, रानटी माशाचा शाबूत. फोटो मिळाला तर तो पर दिसेल असा घ्या.

पिल्लांच्या बाबतीत एक नियम पक्का पाळा. हातभर पाण्यात दिसलेलं बोटाएवढं पिल्लू पुढे स्टीलहेड होणार की रेनबो राहणार, हे नुसत्या डोळ्यांनी कुणीच सांगू शकत नाही. फॉर्मवर 'स्टीलहेड' लिहू नका, जातीचं नाव लिहा.

कायदा, परवाने आणि तोंड बंद ठेवणं

मध्य कॅलिफोर्निया किनाऱ्याचा स्टीलहेड १९९७ पासून संघराज्याच्या कायद्याखाली 'धोक्यात' या वर्गात आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाचा त्याच वर्षी 'नामशेष होण्याच्या मार्गावर' या त्याहून गंभीर वर्गात गेला. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की मासा पकडणं, हाताळणं, एवढंच काय मुद्दाम हुसकावणंसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा ठरू शकतो. जाळं, विजेचा झटका देऊन मासे भुलवण्याचं यंत्र, खुणेची चिप बसवणं ही कामं परवानाधारक जीवशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीच होतात. नवा माणूस पाहतो, मोजतो, लिहितो. तेवढं भरपूर आहे.

एकट्याने सुरू करू नका. ओढ्यासाठी काम करणारी स्थानिक संघटना शोधा; इथे अलमेडा क्रीक अलायन्स १९९७ पासून आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची जमीन कुणाची तेही आधी विचारा: पार्क, पाणीपुरवठा खातं, रेल्वे की खासगी रँच. खासगी जमिनीवर एकदा न विचारता गेलात, तर तो मालक पुढची दहा वर्षं कुणालाच आत घेणार नाही.

आणि वीण कुठे चालू आहे ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. फोटोत जागेचा ठावठिकाणा दडलेला असतो, तो काढून मगच पाठवा.

टप्पा निवडणं

सगळा ओढा कुणालाच चालून होत नाही. म्हणून त्याचे टप्पे पाडतात आणि त्यांतले काही चिठ्ठ्या काढल्यासारखे, पण सगळ्या पाणलोटात नीट पसरतील असे निवडतात. कॅलिफोर्नियाच्या किनारी मोजणीची राज्यभराची पद्धत २०११ मध्ये याच तत्त्वावर बसवली गेली. ज्या डोहात मासे हमखास दिसतात तोच मोजण्याचा मोह होतो. तो आवरा. चांगल्याच जागा मोजल्या तर ओढा कायम चांगलाच दिसतो.

तुम्हाला मिळालेला टप्पा रटाळ असू शकतो: काँक्रीटचे काठ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि हंगामभर एकही मासा नाही. तरी तो चालायचा आणि शून्य लिहायचं. शून्य लिहिलेला रकाना आणि कोरा रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला म्हणतो 'गेलो, पाहिलं, नव्हते.' दुसरा काहीच म्हणत नाही.

हिवाळा: रेड शोधणं

मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी रेतीत खड्डा करते, त्यात अंडी घालते, नर त्यावर वीर्य सोडतो, मग ती थोडं वर सरकून पुन्हा खणते आणि उडालेल्या रेतीने आधीची अंडी झाकते. या जागेला इथे रेड म्हणतात. मोठे मासे गढूळ पुरात, रात्री निघून जातात. रेड मात्र काही आठवडे दिसत राहतं. म्हणून स्वयंसेवकांची मोजणी बहुधा माशांची नसते, रेडची असते.

कुठे पाहायचं? डोह संपून पाणी उथळ होत खळखळायला लागतं तो काठ पाहा. तिथे पाणी रेतीतून आत झिरपतं आणि अंड्यांना प्राणवायू मिळतो. रेती सुपारीपासून लिंबाएवढ्या गोट्यांची हवी. तिच्यात बारीक माती भरली असेल तर अंडी गुदमरतात.

ताजं रेड एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. आजूबाजूचे गोटे शेवाळाने तपकिरी असतात आणि मधेच धुऊन काढल्यासारखा फिकट, लांबट चट्टा असतो. वरच्या अंगाला खड्डा, त्याच्या लगेच खाली रेतीचा उंचवटा. अंडी उंचवट्याखाली असतात, खड्ड्यात नाही. नवी माणसं खड्डा टाळतात आणि नेमका उंचवट्यावर पाय ठेवतात. पाण्यात चालताना हा घोटाळा डोक्यात पक्का ठेवा, आणि शंका आली की काठावर चढून वळसा घाला.

फसवणारी रेडही असतात. वसंत ऋतूत लॅम्प्रे हा ईलसारखा लांब मासा तोंडाने गोटे उचलून गोल वाटीसारखा खड्डा करतो. त्याला खालच्या बाजूला लांब उंचवटा नसतो आणि गोटे वरच्या कडेला रचलेले दिसतात. पुराच्या पाण्याने दगडामागे कोरलेला खळगाही रेडसारखा दिसतो, पण त्यात धुतलेले गोटे नीट निवडून बाहेर पडलेले नसतात. ठरवता येत नसेल तर 'संशयित' असा वेगळा रकाना ठेवा.

फेरी दर दहा ते चौदा दिवसांनी, त्याच टप्प्यावर. खालून वर चाला, म्हणजे तुमच्या पायांनी उठलेला गाळ मागे राहतो. ऊन वर आल्यावर, साधारण नऊ ते तीन या वेळात पाण्याच्या आत चांगलं दिसतं. पोलराइज्ड चष्मा नसेल तर घरीच थांबलेलं बरं. चकाकी कापल्याशिवाय तळ दिसत नाही. सोबत काठी, मोजपट्टी, जीपीएस, पाण्यात न भिजणारा कागद, पेन्सिल आणि रंगीत फीत घ्या.

रेड सापडलं की खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आणि उंचवट्याची लांबी-रुंदी मोजायची. काठी रेतीत खुपसायची नाही, पाण्यावरच धरायची. मग काठावरच्या फांदीला फीत बांधून तीवर तारीख, रेडचा क्रमांक, फितीपासूनचं अंतर, दिशा आणि तुमची आद्याक्षरं लिहायची. पुढच्या फेरीला ही फीत दिसली की तेच रेड पुन्हा नवं म्हणून मोजलं जात नाही. हंगाम संपला की सगळ्या फिती काढून आणायच्या. त्या तशाच राहिल्या तर पुढच्या वर्षी गोंधळ ठरलेला.

पाणी किती स्वच्छ होतं हे प्रत्येक फेरीत लिहा. तळ गुडघाभर खोलीपर्यंतच दिसत असेल, तर त्या दिवशीचा 'शून्य' स्वच्छ दिवशीच्या शून्याएवढा भरवशाचा नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात: दोघांपेक्षा कमी जाऊ नका. पाणी मांडीच्या वर आणि जोरात असेल तर फेरी रद्द. पॉयझन ओक ओळखायला शिका, तो हिवाळ्यात पानं गाळून नुसत्या काड्यांच्या रूपात उभा असतो तेव्हाही अंगाला खाज आणतो. गोचिडी आणि उन्हं तापल्यावर रॅटलस्नेक आहेतच. घरी आल्यावर बूट आणि वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) घासा आणि वाळवा किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. न्यूझीलंडची चिमुकली मडस्नेल गोगलगाय एका ओढ्यातून दुसऱ्यात बुटांवरूनच जाते. बायकोने किंवा नवऱ्याने फ्रीझरबद्दल काही म्हटलं तर ते तुमचं तुम्ही पाहून घ्या.

उन्हाळा: डोहांतली पिल्लं

कॅलिफोर्नियात स्टीलहेडचा खरा कस हिवाळ्यात लागत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात लागतो. ओढा तुटक डोहांचा होतो आणि पिल्लं त्यांत अडकतात. पाणी २० अंशांच्या वर रेंगाळू लागलं की ती ताणाखाली येतात, २५च्या आसपास जीवावर बेततं.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तापमान नोंदवणारा छोटा लॉगर. तो बसवण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते तपासा. ऊन थेट लागू नये म्हणून भोकं पाडलेल्या पीव्हीसी नळीत घाला आणि वाहत्या, मिसळलेल्या पाण्यात बांधा. दर अर्ध्या तासाने नोंद पुरते. नंतर रोजच्या कमाल तापमानाची सात दिवसांची सरासरी काढा. एका दुपारच्या उच्चांकापेक्षा माशाला हीच जास्त जाचते. भूजलाचा झरा जिथे डोहात उतरतो तिथे तळाचं पाणी वरच्यापेक्षा थंड लागतं. असे डोह नकाशावर वेगळे टिपून ठेवा.

पिल्लांची मोजणी स्नॉर्केल लावून होते. डोहाच्या खालच्या टोकाने शिरायचं, हळूहळू वर सरकायचं आणि मासा तुमच्या मागे गेला की मगच मोजायचा. पुढे असताना मोजला तर तोच तीनदा मोजला जातो. शिकवल्याशिवाय हे करू नका, पण एकदा शिकलात तर हिवाळ्यातल्या सगळ्या चिखलाचं सार्थक होतं. डोहाच्या तोंडाशी, जिथे पाणी वरून अन्न घेऊन येतं, तिथे सगळ्यांत दांडगं पिल्लू ठाण मांडून बसलेलं असतं आणि बाकीच्यांना जवळ फिरकू देत नाही.

आकडे कसे वाचायचे

रेडच्या संख्येला दोनने गुणून मासे काढू नका. एक मादी एकाहून जास्त रेड करू शकते, आणि काही रेड पुरात मिटतात. म्हणून जवळच्या एखाद्या ठिकाणी दुसऱ्या पद्धतीने मोजणी करतात. गढूळ पाण्यातही सावल्या मोजणारा सोनार कॅमेरा असतो, किंवा पोटात तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी चिप बसवलेले मासे तारेच्या चौकटीवरून गेले की त्यांची नोंद होते. त्यावरून 'एका रेडमागे किती मासे' हे गुणोत्तर त्या वर्षापुरतं काढलं जातं.

समुद्राकडे जाणाऱ्या स्मोल्टचा अंदाज खूण करून पुन्हा पकडण्याने येतो. समजा ६० पिल्लांना खूण करून वर सोडलं. नंतर सापळ्यात ५० आली, त्यांत १० खुणेची. म्हणजे सापळा साधारण सहांतलं एक पिल्लू पकडतो, आणि त्या वेळी खाली जाणारी पिल्लं सुमारे ३०० होती. गणित शाळेतलंच आहे. अवघड असतं ते सापळा रोज सकाळी साफ करणं, आणि ते परवानाधारक माणसांचं काम.

मोठे मासे आणि स्मोल्ट दोन्ही का मोजायचे? मोठे मासे कमी आले पण स्मोल्ट चांगले गेले असतील, तर अडचण समुद्रात किंवा खाडीत आहे. मासे बरे आले पण स्मोल्ट निघालेच नाहीत, तर अडचण तुमच्या ओढ्यात आहे आणि तिथे तुम्ही काही करू शकता.

दुरुस्ती: आधी वाट, मग पाणी, मग बाकीचं

अलमेडा क्रीकचा इतिहास इथे शिकवून जातो. फ्रिमाँटमध्ये रेल्वे आणि बार्ट या शहरी रेल्वेच्या पुलांचा पाया जपण्यासाठी ओढ्यात सुमारे १२ फुटांची काँक्रीटची भिंतीसारखी पायरी आहे. तिच्यापर्यंत येऊन मासे डोकं आपटत राहायचे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अडकलेले मासे पकडून भिंतीच्या वर नेऊन सोडले गेले, तेव्हा लोकांना पटलं की इथे अजून स्टीलहेड येतो. २००६ मध्ये नाइल्स आणि सुनोलचे जुने बंधारे काढले गेले. २०१९ मध्ये वरचं कॅलाव्हेरास धरण नव्याने बांधून पूर्ण झालं आणि त्यासोबत माशांसाठी पाणी सोडण्याची अट आली. भिंतीपाशी मत्स्यसोपान, म्हणजे माशांना टप्प्याटप्प्याने चढता येईल अशी जलपायरी, २०२२ मध्ये तयार झाली. २०२५ मध्ये सुनोलजवळ गॅसच्या पाइपलाइनवरचं पात्रातलं काँक्रीटही निघालं. एका ओढ्याची वाट मोकळी व्हायला पंचवीसहून अधिक वर्षं लागली, आणि तरी आधी वाट मोकळी केली हेच बरोबर होतं. भिंतीच्या वर कितीही विलो लावले असते तरी समुद्रातला मासा तिथे पोचला नसता.

तुमच्या उपओढ्यात अशी भिंत नसेल, मोरी असेल. रस्त्याखालच्या मोरीच्या खालच्या तोंडाशी उभे राहा आणि पाणी किती उंचीवरून पडतं ते मोजा. मोठ्या माशासाठी साधारण एक फूट, पिल्लांसाठी सहा इंच याहून जास्त उडी असेल तर ती अडचण म्हणून नोंदवा. खाली उडी घेण्याइतका खोल डोह आहे का, मोरीतलं पाणी पातळ थरात सुसाट तर वाहत नाही ना, हेही लिहा. सगळ्या मोऱ्यांची यादी झाली की खालून वर क्रम लावा. सर्वांत खालची आधी. नाइल्स खिंडीतल्या स्टोनीब्रुक क्रीकसारख्या लहानशा ओढ्यातही मोऱ्यांच्या वर ट्राउट टिकून आहेत.

आणि तेच मासे तुमचं बियाणं. वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली गेली. त्यांतलं एक १९१३चं, दुसरं १९२७चं. धरणांच्या वर शंभर वर्षं कोंडलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशातून उन्हाळ्यात नदी चढणारे स्टीलहेड पुन्हा दिसू लागले. अलमेडाच्या वरच्या भागातल्या ट्राउटचा वंशही स्थानिक स्टीलहेडचाच असल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे. म्हणून बाहेरून पिल्लं आणून सोडण्याच्या कल्पनेला मी ठाम नाही म्हणतो. ओरेगॉनमधल्या हूड नदीवर २००७ च्या अभ्यासात असं आढळलं की हॅचरीत वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे स्टीलहेडची रानात संतती देण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. घरच्या टाकीतला मासा ओढ्यात सोडणं तर बेकायदाच आहे.

वाटेनंतर पाणी. मार्च ते मे स्मोल्टना खाली जायला पाणी हवं, उन्हाळ्यात डोह भरलेले हवेत. हे पाणीपुरवठा खात्यांच्या बैठकांत ठरतं. तिथे तुमचा लॉगरचा आलेख घेऊन जा. 'ओढा वाचवा'पेक्षा 'या डोहात पाणी सलग नऊ दिवस २२ अंशांवर होतं' हे वाक्य इंजिनियरच्या जास्त कामाचं असतं.

झाडं, ओंडके वगैरे नंतर. विलोच्या काड्या हिवाळ्यात, झाड निजलेलं असताना, ओल्या काठात खोल ठोकायच्या. एवढं स्वयंसेवक मजेत करतात. अरुंडो नावाचं बोरूसारखं उंच गवत मुळासकट काढावं लागतं, नुसतं कापलं तर दुप्पट फोफावतं. पात्रात ओंडके अडकवणं मात्र इंजिनियरचं काम आहे, नाहीतर पुरात तो ओंडका खालच्या पुलाला जाऊन अडकेल. ओरेगॉनमधल्या ब्रिज क्रीकवर बीव्हर हा प्राणी घालतो त्या बांधांची नक्कल करून खुंट आणि फांद्यांचे बांध घातले, तेव्हा स्टीलहेडच्या पिल्लांची दाटी आणि जगण्याचं प्रमाण दोन्ही वाढलं. तिथे ते छातीठोक सांगता आलं, कारण बांध न घातलेला दुसरा एक ओढाही तुलनेसाठी मोजला जात होता. तुमच्याही टप्प्याला असा एक अस्पर्श जोडीदार ठेवा.

शहरी ओढ्यात रस्त्याच्या पाण्याचा मुद्दा वेगळा येतो. टायरच्या झिजेतून येणारं सिक्स-पीपीडी-क्विनोन हे रसायन सिएटलजवळ कोहो सामनना मारतं, हे २०२० मध्ये सिद्ध झालं. रेनबो ट्राउटलाही ते बाधतं. रस्त्याचं पाणी थेट ओढ्यात न सोडता मातीच्या चरातून झिरपवलं तर त्याचा विखार खूप कमी होतो. तुमच्या वसाहतीच्या पार्किंगचं पाणी कुठे जातं ते पावसात छत्री घेऊन पाहून या.

उन्हाळ्यात सहलीला गेलेली मुलं ओढ्यात दगड रचून बंधारे घालतात. आपलीही. खेळून झालं की दगड बाजूला करायला लावा, कारण खालच्या डोहातली पिल्लं तेवढ्या दगडांनीही अडतात.

मे महिन्यात फॉर्म संगणकावर चढवताना मूळ कागद फेकू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. टप्प्याचे फोटो कुठून काढले त्या जागांची यादी, टप्प्याचा नकाशा आणि गेटची चावी कुणाकडे असते हे एका पानावर लिहून संघटनेकडे द्या. स्टीलहेडची एक पिढी साधारण चार वर्षांची, तेव्हा काही म्हणता येण्याआधी दोन-तीन पिढ्या, म्हणजे आठ-बारा वर्षं त्याच टप्प्यावर फेऱ्या झालेल्या हव्यात. तेवढ्यात तुमची नोकरी ऑस्टिनला गेलेली असू शकते. दुसऱ्या हंगामापासूनच कुणालातरी बरोबर घेऊन चला.